टॅन डेल्टा आला कुठून? कपॅसिटर ब्रिजची पार्श्वभूमी

डी सॉटी ब्रिज, म्हणजे अनोळखी कपॅसिटर माहितीतल्या कपॅसिटरशी जुळवून मोजायचं सर्किट, लॅबमध्ये बहुतेकांनी केलेला असतो. जुळलं की हेडफोनमधला आवाज बंद व्हायला हवा. दोन कपॅसिटर, दोन रेझिस्टर, मध्ये हेडफोन, आणि नॉब फिरवत बसायचं. आवाज कमी कमी होत जातो पण पार बंद काही होत नाही, मग सर म्हणतात मिनिमम आला ना, लिहा रीडिंग आणि उठा.

ब्रिजची मूळ आयडिया 1833 ची, सॅम्युअल हंटर क्रिस्टीची. नाव मात्र व्हीटस्टोनचं झालं, कारण 1843 मध्ये त्याने ती लोकांपर्यंत नेली. तेव्हा सगळा कारभार बॅटरीवर. डी सॉटी हा अटलांटिकखालच्या टेलिग्राफ केबलवर काम करणारा इलेक्ट्रिशियन, आणि समुद्रातली केबल म्हणजे हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच की, त्यामुळे कपॅसिटन्स मोजणं ही त्या लोकांची रोजची गरज होती.

पुढे 1876 मध्ये बेलचा टेलिफोन आला आणि एसीचा बारीकसा करंटही कानाने ऐकता यायला लागला. 1891 मध्ये जर्मनीत माक्स वीनने एसी ब्रिजचे बरेच प्रकार मांडले. एसीमध्ये नुसतं मॅग्निट्यूड (लहरीची उंची) जुळून भागत नाही, फेजही (लहरीची वेळ) जुळावी लागते, म्हणजे नॉब दोन हवेत. खऱ्या कपॅसिटरच्या डायलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे प्लेटांमधल्या इन्सुलेशनमध्ये, थोडा लॉस असतोच (काही ऊर्जा उष्णता होऊन जाते) आणि डी सॉटीत त्याच्यासाठी नॉबच नाही, म्हणून ती गुणगुण शिल्लक राहते.

माझ्या मते खरी कमाल केली हाराल्ड शेरिंगने, बर्लिनमध्ये, 1920 च्या सुमारास. ज्या लॉसमुळे सगळे वैतागायचे तोच त्याने मोजायला घेतला, आणि त्या लॉसचा आकडा म्हणजेच टॅन डेल्टा. एका रेझिस्टरला पॅरलल व्हेरिएबल कपॅसिटर लावला, झाला दुसरा नॉब. आता गंमत बघा, तो रेझिस्टर 318.3 ओहमचा घेतला की 50 हर्ट्झला ओमेगा (2 पाय गुणिले फ्रिक्वेन्सी) गुणिले आर बरोबर एक लाख येतं, आणि टॅन डेल्टा म्हणजे या एक लाखाला डायलवरच्या कपॅसिटन्सने गुणलं की झालं, म्हणजे कपॅसिटरची डायल 0.01 मायक्रोफॅरड दाखवत असेल तर टॅन डेल्टा सरळ 0.001, कॅल्क्युलेटर काढायचीसुद्धा गरज नाही. आणि 100 पिकोफॅरडच्या स्टँडर्ड कपॅसिटरला 50 हर्ट्झला जवळपास 32 मेगाओहम एवढा एसीला होणारा विरोध म्हणजे रिअ‍ॅक्टन्स, त्यामुळे वर 10 केव्ही असले तरी खालच्या 318 ओहमवर जेमतेम 0.1 व्होल्ट पडतो. ऑपरेटर बिनधास्त नॉब फिरवू शकतो, फक्त वरचा कपॅसिटर फुटलाच तर वाचावं म्हणून स्पार्क गॅप (जास्त व्होल्टेज आलं की ठिणगी पडून ते जमिनीत सोडणारी फट) लावलेला असतो.

सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मर बुशिंगची (टाकीतून वायर बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरची) टॅन डेल्टा टेस्ट आजही होते. किट डिजिटल झालंय, नॉब गेले, पण मेंटेनन्सवाले बघतात तेच, मागच्या रीडिंगपेक्षा आकडा किती वर गेलाय.