गाडी क्लॅप्टनची, स्वारी किंगची : ‘रायडिंग विथ द किंग’ची पार्श्वभूमी

१३ जून २००० रोजी ‘रिप्राइज’ या रेकॉर्ड कंपनीने बी. बी. किंग हा अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातला गायक-गिटारवादक आणि एरिक क्लॅप्टन हा इंग्लिश रॉक गिटारवादक यांचा ‘रायडिंग विथ द किंग’ हा अल्बम बाजारात आणला. मुखपृष्ठावर उघड्या टपाची लांबलचक गाडी आहे. स्टिअरिंगवर ५५ वर्षांचा क्लॅप्टन, मागच्या सीटवर ७४ वर्षांचा किंग. गुरूला मागे बसवून शिष्य ड्रायव्हर झाला, एवढाच अर्थ बहुतेकांनी घेतला, आणि तो खोटा नाही. पण गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची, कुठे थांबवायची, हे ड्रायव्हरच ठरवत असतो. या अल्बममधली गाणी, वादक, आवाजाचा पोत हे सगळं असंच का आहे, हे समजायचं तर दोघांच्या वाटा निदान पन्नास वर्षं मागे जाऊन बघाव्या लागतात.

रायली बी. किंगचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ चा, मिसिसिपीतल्या इटा बेना गावाजवळचा. सगळा कापसाचा मुलूख. मोठेपणी तो इंडियनोलाजवळच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४६ मध्ये एकदा त्याच्या हातून मालकाच्या ट्रॅक्टरचा धूर सोडणारा पाइप मोडला. बोलणी खावी लागतील या भीतीने त्याने गिटार उचलली आणि मेम्फिसला पळ काढला. तिथे बुका व्हाइट हा त्याचा नात्यातला भाऊ राहत असे. बुका स्लाइड वाजवण्यात तरबेज होता. तारांवर धातूची नळी घासून तो जो रडवेला सूर काढायचा, तो रायलीला काही केल्या जमेना. मग नळीशिवाय, नुसतं बोट तारेवर थरथरवून तसाच सूर काढायचा नाद त्याला लागला. बी. बी. किंगची पुढे जगभर ओळखली गेलेली ती थरथर अशी एका न जमलेल्या गोष्टीतून आली. आपल्याकडच्या कानाला ती कंपापेक्षा एखाद्या कोमल स्वरावरच्या आंदोलनासारखी वाटते. एकच सूर, पण जागेवर न राहणारा.

काही महिन्यांनी तो घरी परतला, ट्रॅक्टरची भरपाई केली आणि १९४८ मध्ये पुन्हा निघाला. या वेळी थेट वेस्ट मेम्फिसच्या केडब्ल्यूईएम रेडिओवर गेला. तिथे हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसनचा कार्यक्रम चालायचा. किंगने ‘एक गाणं म्हणू द्या’ म्हणून गळ घातली. सनी बॉयने त्याच रात्री दोन ठिकाणच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. त्यातली कमी पैशांची त्याने या पोराच्या गळ्यात मारली. तिथल्या बाईंनी रात्रीचे बारा डॉलर देऊ केले, अट एकच : रेडिओवर यायचं आणि आमच्या जागेची जाहिरात करायची. म्हणून किंग मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्रावर गेला. तिथे तो ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ झाला, मग नुसता ‘ब्लूज बॉय’ आणि शेवटी बी. बी. त्याच्या ‘ल्युसील’ गिटारच्या नावाची गोष्ट इतक्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की इथे ती गाळली तरी चालेल.

सनी बॉय मात्र लक्षात ठेवायला हवा, कारण तो पुढे दुसऱ्या टोकाला पुन्हा भेटतो. १९६३ च्या डिसेंबरात तो लंडनजवळच्या रिचमंडमधल्या क्रॉडॅडी क्लबात वाजवत होता आणि त्याच्या साथीला ‘यार्डबर्ड्स’ नावाची कोवळ्या पोरांची टोळी होती. त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, वय १८. सरे परगण्यातल्या रिपली गावात आजी-आजोबांनी वाढवलेला, त्यांनाच बरीच वर्षं आईबाप समजणारा. ब्लूज त्याने रेकॉर्डवरून घोटला होता आणि कव्हरामागची बारीक अक्षरातली माहितीही तोंडपाठ केली होती. त्या जोरावर त्याने सनी बॉयला विचारलं, ‘तुमचं खरं नाव राइस मिलर ना?’ म्हाताऱ्याने खिशातून छोटा चाकू काढून त्याच्याकडे रोखून पाहिलं. ही हकिगत क्लॅप्टननेच लिहून ठेवली आहे. पुस्तकी ब्लूजची आणि खऱ्या ब्लूजची ती पहिली गाठ म्हणायला हरकत नाही. ज्या माणसाने किंगला माइकसमोर उभं केलं, त्यानेच पंधरा वर्षांनी क्लॅप्टनला दम भरला.

पुढचं बरंचसं सर्वांना माहीत आहे. यार्डबर्ड्स पॉपकडे वळले म्हणून १९६५ मध्ये क्लॅप्टन बाहेर पडला, जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या बँडमध्ये गेला, लेस पॉल गिटार मार्शल अँप्लिफायरला जोडून आवाज इतका वाढवला की सूर फाटून गाऊ लागला. लंडनच्या भिंतींवर ‘क्लॅप्टन इज गॉड’ लिहिलं गेलं. मग ‘क्रीम’ हा त्याचा नवा बँड आला.

त्याच काळात अमेरिकेत किंगचं काय चाललं होतं? १९५२ मध्ये त्याचं ‘थ्री ओक्लॉक ब्लूज’ आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्यापासून तो जवळजवळ रस्त्यावरच राहत होता. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले. म्हणजे वर्षातले फार तर चोवीस दिवस सुटीचे. पण साठचं दशक उजाडलं तसा कृष्णवर्णीय तरुण सोल संगीताकडे वळला. त्याला ब्लूज म्हणजे बापजाद्यांचं, कापसाच्या मळ्यातलं, विसरून जावंसं वाटणारं गाणं वाटे. किंगची तरुण प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, असेही प्रसंग घडले. दुसरीकडे शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ ला ध्वनिमुद्रित झालेला त्याचा ‘लाइव्ह ॲट द रीगल’ हा अल्बम इंग्लंडमधली पोरं पारायणं केल्यासारखी ऐकत होती.

या ब्रिटिश पोरांनी मुलाखतींमधून बी. बी. किंगचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांना आपल्याच देशातला माणूस सापडला. १९६७ मध्ये किंगची गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहाला पोचली, तेव्हा बाहेर लांब केसांच्या गोऱ्या मुलांची रांग बघून त्याला वाटलं, आपण चुकीच्या पत्त्यावर आलो. आत पाऊल टाकताच सगळं सभागृह उभं राहिलं. किंग तिथे रडला, हे त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कॅफे ओ गो गोमध्ये क्लॅप्टन आणि तो पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसले. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात तो त्यांच्या आधी मंचावर येऊ लागला आणि पाठोपाठ ‘द थ्रिल इज गॉन’ने त्याला पॉपच्या यादीतही वर नेलं.

म्हणजे देणं दोन्ही बाजूंनी होतं. क्लॅप्टनने किंगकडून सूर घेतला. किंगला क्लॅप्टनच्या पिढीमुळे दुसरा श्रोतृवर्ग मिळाला. पण हे देणं सारख्या वजनाचं मानायला मी तयार नाही. सूर आधीचा आणि श्रोते नंतरचे. शिवाय श्रोत्यांच्या दारात किंगला गोऱ्यांच्या शिफारशीवर जावं लागलं, ही गोष्ट अमेरिकेबद्दल जे सांगायचं ते सांगून जाते.

आणखी एक प्रकरण टाळता येत नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून दारूच्या नशेत क्लॅप्टन स्थलांतरितांविरुद्ध बरळला आणि स्थलांतराला विरोध करणाऱ्या इनॉक पॉवेल या ब्रिटिश राजकारण्याची भलामण केली. सगळं संगीत कृष्णवर्णीयांकडून शिकलेल्या माणसाच्या तोंडी ती भाषा ऐकून लोक हादरले आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ त्यातून उभी राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने लाज वाटत असल्याचं कबूल केलं. गाडीच्या मुखपृष्ठाकडे हे आठवून बघितलं की तो विनय जरा वेगळा दिसतो.

दारू सुटल्यावरच्या क्लॅप्टनने १९९४ मध्ये ‘फ्रॉम द क्रेडल’ हा निव्वळ ब्लूजचा अल्बम काढला आणि तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. १९९७ च्या ‘ड्यूसेस वाइल्ड’ या किंगच्या युगुलगीतांच्या अल्बमवर दोघांनी ‘रॉक मी बेबी’ केलं. पूर्ण अल्बमची जमीन इथे तयार झाली.

निर्मिती क्लॅप्टन आणि सायमन क्लायमी यांची. क्लायमी हा मुळात पॉपमधला माणूस, क्लॅप्टनच्या १९९८ च्या ‘पिलग्रिम’चा सहनिर्माता. तो गुळगुळीतपणा इथेही उतरला आहे. ड्रम्सवर स्टीव्ह गॅड, बासवर नेथन ईस्ट, पियानोवर जो सँपल, गिटारला डॉयल ब्रॅमहॉल द्वितीय, अँडी फेअरवेदर लो आणि जिमी व्हॉन. एकेक नाव अव्वल, पण यातला गाभा क्लॅप्टनच्या गोटातला. किंगचा दौऱ्यांवरचा बँड आणि त्यातली ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं यात नाहीत.

गाण्यांची निवड मात्र शिष्याच्या वहीतली आहे. बारा गाण्यांपैकी पाच किंगचीच जुनी : ‘थ्री ओक्लॉक ब्लूज’, ‘टेन लाँग इयर्स’, ‘डेज ऑफ ओल्ड’, ‘व्हेन माय हार्ट बीट्स लाइक अ हॅमर’ आणि रीगलमध्ये गायलेलं ‘हेल्प द पुअर’. शीर्षकगीत जॉन हायटचं, १९८३ मधलं, आणि गंमत म्हणजे त्यातला मूळ ‘किंग’ हा नव्हेच. हायटचा रोख रॉक अँड रोलचा ‘किंग’ म्हटल्या जाणाऱ्या एल्व्हिस प्रेस्लीकडे होता. एल्व्हिसही मिसिसिपीचाच, तोही मेम्फिसमध्येच घडला, म्हणून मुकुट दुसऱ्या डोक्यावर सहज बसला.

माझ्या मते अल्बमचा जीव दोन ठिकाणी आहे. एक ‘की टू द हायवे’. हे १९४० पासून ध्वनिमुद्रित होत आलेलं गाणं. १९७० मध्ये ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या आपल्या तेव्हाच्या बँडसोबत क्लॅप्टनने ते वाजवायला घेतलं तेव्हा टेप सुरूच नव्हती. निर्माता टॉम डाउडने ओरडून ती चालू करायला लावली, म्हणून त्या रेकॉर्डवर गाणं मधूनच हळूहळू वर येतं. २००० च्या अल्बमवर दोघेही साध्या, वीज नसलेल्या गिटारी घेऊन बसले आहेत. किंग असा क्वचितच ऐकू येतो. कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, वाजवणं आपल्याला जमत नाही, असं तो सगळ्यांना बजावून सांगायचा, आणि गाताना गिटार थांबवायचा. इथे क्लॅप्टन खालची बैठक सांभाळतो आणि किंग मधल्या जागा भरतो. कोणी कोणावर मात करायला जात नाही.

दुसरं ‘थ्री ओक्लॉक ब्लूज’. मूळ रेकॉर्ड सुमारे तीन मिनिटांची, कारण तबकडीवर तेवढंच मावायचं. इथे ते आठ मिनिटांच्या पुढे गेलं आहे. किंग दोन सुरांत म्हणतो ते म्हणायला क्लॅप्टनला दहा लागतात, हे या गाण्यात उघड दिसतं. क्लॅप्टनलाही ते ठाऊक असावं, कारण गुरूच्या मागोमाग वाजवताना तो चक्क सूर कमी करतो.

अल्बम अमेरिकेच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, तिथे डबल प्लॅटिनम (वीस लाख प्रती) ठरला आणि पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी घेऊन गेला. वर्षाला तीनशेवर कार्यक्रम करणाऱ्याला एवढा खप पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर बघायला मिळाला. २०२० मध्ये विसाव्या वर्षानिमित्त दोन जादा गाण्यांसह त्याची नवी आवृत्ती निघाली, पण तोवर किंग नव्हता.

१४ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये तो गेला, तेव्हा क्लॅप्टनने एक छोटा व्हिडिओ टाकला. ज्यांनी बी. बी. ऐकलेला नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी, हे त्याने त्यात सांगितलं. दोघांच्या नावावरच्या अल्बमचं नाव त्याने सुचवलं नाही. ‘लाइव्ह ॲट द रीगल’ शोधा, म्हणाला.