लिंबू-मिठाने उजळलेली तलवार पुन्हा का गंजते?

खंडेनवमी जवळ आली की सोलापूर परिसरातल्या जुन्या घरांतून तलवारी, कट्यारी, पट्टे बाहेर निघतात. पूजेआधी त्यांना लिंबू-मीठ चोळून विटेच्या भुकटीने घासले जाते. पाते लखलखते आणि दिवाळीपर्यंत गंजाने पडलेल्या बारीक खळग्यांत पुन्हा तांबूस ठिपके उगवतात. सोलापूरची हवा कोरडी, इथे लोखंड कशाला गंजेल, असे म्हणणारे विसरतात की इथला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणजे ही घासाघीस नेमकी दमट दिवसांत होते. त्यात मीठ!

गंजताना लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून धनभारित होतो. हा धनभार खळग्याच्या तळाशी साठतो आणि मिठातले ऋणभारित क्लोराइड आयन तिकडे ओढले जातात. तिथे फेरस क्लोराइड तयार होते. त्याचे ४ रेणू ऑक्सिजन आणि पाण्याशी संयोग पावले की गंज बनतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे ८ रेणू सुटे होतात. हे ८ रेणू ऑक्सिजनच्या मदतीने लोखंडाचे आणखी ४ अणू विरघळवतात. त्यातून पुन्हा फेरस क्लोराइडचे ४ रेणू! हिशेब मांडून पाहा: लोखंड गेले, ऑक्सिजन गेला, पण क्लोराइड एकही खर्ची पडला नाही. चिमूटभर मीठ वर्षानुवर्षे पाते खात राहते ते असे. शिवाय फेरस क्लोराइड हवेतली वाफ शोषून घेते. स्वच्छ लोखंडाला गंजायला साधारण ६० टक्के आर्द्रता लागते, क्लोराइड असेल तर त्याहून पुष्कळ कमी पुरते. पात्यावर आपोआप येणारे तांबूस थेंब हेच द्रावण असते. तो कोप नाही, संकेतही नाही. पात्याला मीठ लागले आहे, चोळलेले किंवा हाताच्या घामातले, एवढेच ते सांगतात.

म्हणून सुती हातमोजे घालूनच काम करा. आधी मूठ तपासा. सोन्या-चांदीच्या तारेची नक्षी असेल तर तिला हात लावू नका; ती खरवडलेल्या लोखंडावर नुसती ठोकून बसवलेली असते, घासली की निघते. पात्याचे शेपूट मुठीत बहुधा लाखेच्या मसाल्याने पक्के केलेले असते. लाख गरम पाण्याने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे तलवार कधीच पाण्यात बुडवायची नाही आणि मुठीच्या सांध्यापासून २ सेंटिमीटर अंतर सोडायचे.

लाल गंजावर शिलाई मशीनचे तेल लावून २४ तास ठेवा. नंतर पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडा. पितळ पोलादाहून मऊ असल्याने पात्यावर चरे पडत नाहीत. खालचा घट्ट काळा थर काढू नका, तो आतल्या धातूचे रक्षण करतो. तेल स्पिरिटने पुसा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कापसाने खळगे टिपा. दर वेळी नवा बोळा घ्या आणि लगेच स्पिरिटने कोरडे करा. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतेच, ते इथे चालणार नाही.

बफिंग मशीनवर पाते देणे म्हणजे त्याचा नाश. घर्षणाने पाते तापते आणि २०० अंश सेल्सिअसपुढे धारेचे पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरू लागतो. जौहरदार पोलाद असेल तर कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाच्या) ओळींतून दिसणारी लाटांची नक्षीही झिजून जाते. इंटरनेटवर ‘दहा मिनिटांत नवी तलवार’ दाखवणारे हेच करतात. जुन्या पात्याची किंमत त्याच्या मूळ पृष्ठभागात असते, चकाकीत नाही.

शेवटी मेणाचा पातळ हात द्या. करडईचे तेल आपल्याकडे घरोघरी असते, पण ते वापरू नका: त्यातले लिनोलिक आम्ल हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकट राळेसारखे होते आणि त्यावर धूळ बसते. पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि आम्लधर्मी असते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा.

महिन्याने पाहा. ठिपका त्याच जागी परत आला तर तेवढीच जागा पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने टिपा. पापुद्रे सुटत असतील तर घरचे काम थांबवून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या संवर्धन विभागासारख्या जाणकारांना विचारा.