घोरपड, ड्रॅगन आणि आपला काळा फत्तर

परवा जुळे सोलापुरात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक चांगली हातभर घोरपड येऊन बसली आणि पोरांचा एकच गलका, "ड्रॅगन आलाय बे!" मोठी माणसं हसली, पण खरं सांगू का, पोरं फार काही चुकली नव्हती. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन, ३ मीटरपर्यंत वाढणारा, हा आपल्या घोरपडीचा सख्खा चुलतभाऊच, दोघंही व्हॅरॅनस या एकाच गटातले.

पण ड्रॅगनच्या गोष्टी कोमोडोवरून आल्या असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका, कारण विज्ञानाने त्याला नावच दिलं १९१२ मध्ये आणि गोष्टी तर हजारो वर्षं जुन्या.

मग आल्या कुठून? एक धागा हाडांचा आहे, मला तरी हाच सगळ्यात भारी वाटतो. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावाजवळ १३३५ मध्ये एक अवाढव्य कवटी सापडली, लोक म्हणाले आपल्या कथेतल्या ड्रॅगनचीच, आणि पुढे गावात ड्रॅगनचा पुतळा केला तेव्हा डोकं त्या कवटीवरून घडवलं. ती निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची! चीनमध्ये तर जमिनीत सापडणारी जुनी हाडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानात विकायचे, उगाळून प्यायची. १८९९ मध्ये अशाच हाडांवर कोरलेली अक्षरं एका विद्वानाच्या लक्षात आली, ती चिनी लिपीची सगळ्यात जुनी रूपं ठरली. त्याआधी कितीतरी इतिहास लोकांनी पोट दुखतंय म्हणून गिळून टाकला असेल.

आपल्याकडे विहीर खणली की काय लागतं? मुरूम, नाहीतर काळा फत्तर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेलं दख्खनचं पठार हे, त्यात हाडं सापडणं मुश्किलच, डायनासोरची हाडं मिळतात ती जबलपूरला, चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला, म्हणजे लाव्हाखालचे थर जिथे उघडे पडलेत तिथे. सोलापूरच्या गोष्टींत ड्रॅगन नाही त्याचं एक कारण हे असेल का, असं माझं आपलं डोकं चालतं, पुरावा मागू नका.

तसा आपल्याकडे वृत्र आहेच की. ऋग्वेदातला हा 'अहि' म्हणजे साप, पाणी अडवून बसलेला, इंद्राने वज्राने मारला तेव्हा नद्या मोकळ्या झाल्या. हाच शब्द जुन्या इराणी भाषेत 'अझी' होतो, तिथल्या तीन तोंडांच्या राक्षसाचं नाव अझी दहाक, आणि त्यावरूनच फारसीत ड्रॅगनला अझदहा म्हणतात. गंमत अशी की चीनमधला ड्रॅगन बरोबर उलटा, तो पाऊस पाडतो, दुष्काळ पडला की लोक त्यालाच साकडं घालायचे. युरोपातला मात्र आग ओकत सोन्यावर बसलेला, पाण्याचं त्याला काही पडलेलं नाही.

हे सगळं पोरांना सांगेपर्यंत घोरपड नाल्यात पसार. एक बारकं पोरगं मात्र अडून बसलं, आपला ड्रॅगन पाणी अडवणारा का पाडणारा? काय सांगणार, त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार नव्हता.