धातूंवरील फ्लोरीनयुक्त रेणवीय लेप

धातूच्या पृष्ठावर फ्लोरीनयुक्त कार्बनी रेणूंचा एकच थर आपोआप रचला जाऊन तयार होणारा लेप. जाडी जेमतेम 1 ते 2 नॅनोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पृष्ठाचे वागणे पार बदलून टाकतो. रेणूचे एक टोक धातूला धरून राहते. सोने-चांदीवर हे काम थायॉल या गंधकयुक्त कार्बनी संयुगांमधला गंधक करतो. ॲल्युमिनियम, टायटॅनियम यांच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असल्याने तिथे धरणारे टोक म्हणून फॉस्फॉनिक आम्ल (फॉस्फरसयुक्त गट) किंवा सिलेन (सिलिकॉनयुक्त गट) वापरतात. दुसरे टोक बाहेर उघडे असते आणि बहुधा ट्रायफ्लोरोमिथिल गटाचे (एका कार्बनला तीन फ्लोरीन) असते. दोन टोकांमध्ये कार्बन अणूंची साखळी असते. स्वच्छ केलेला तुकडा विरल द्रावणात बुडवला की काही मिनिटांत पृष्ठ झाकले जाते. रेणू नीट शिस्तीत लागायला मात्र कित्येक तास जातात.

हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन आला की साखळी जाड आणि ताठर होते. सोन्यावर साध्या, म्हणजे फ्लोरीन नसलेल्या, साखळ्या सुमारे 0.50 नॅनोमीटर अंतराने, जवळजवळ 30 अंश कलून उभ्या राहतात. फ्लोरीनयुक्त साखळ्यांना 0.58 नॅनोमीटर जागा लागते आणि त्यांचा कल बराच कमी असतो.

पृष्ठऊर्जा अतिशय कमी असणे हा या लेपांचा सर्वांत प्रसिद्ध गुण. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्यम झिस्मन आणि सहकाऱ्यांनी 1954 मध्ये प्लॅटिनमवर परफ्लोरोलॉरिक या फ्लोरीनयुक्त आम्लाचा एकस्तर बसवून क्रांतिक पृष्ठताण (ज्याहून कमी पृष्ठताणाचे द्रवच त्या पृष्ठावर पूर्ण पसरतात) अवघा 6 मिलिन्यूटन प्रतिमीटर असल्याचे दाखवले. टेफ्लॉनचा तो 18 च्या आसपास आहे. पाणीच नव्हे, तेलही अशा पृष्ठावर पसरत नाही. तरीही गुळगुळीत पृष्ठावर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठाशी करते तो कोन; तो जितका मोठा तितके पाणी कमी पसरते) 120 अंशांच्या फारसा पुढे जात नाही. 150 अंशांचे आकडे दिसतात ते खडबडीत पृष्ठांचे. त्यांचे सगळे श्रेय रसायनाला देणे चूक आहे.

न चिकटणारे पृष्ठ घसरडेही असणार, हा समज इथे टिकत नाही. 1990 च्या दशकात अणुबल सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे सूक्ष्म टोक पृष्ठावरून फिरवणाऱ्या उपकरणाने, घर्षण मोजले गेले. फक्त टोकाला फ्लोरीन असलेल्या थराचे घर्षण तितक्याच लांबीच्या साध्या थराच्या सुमारे तिप्पट भरले. टोकाचे गट मोठे असल्याने ते शेजाऱ्यांना खेटतात आणि सरकताना जास्त ऊर्जा खर्ची पडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा थरात फ्लोरीनयुक्त टोक आणि साधी साखळी यांच्या सांध्यावर विद्युत् द्विध्रुवही (धन आणि ऋण भारांची किंचित विलग जोडी) तयार होतो. त्यामुळे पाण्यासारखे ध्रुवीय द्रव त्यावर अपेक्षेपेक्षा थोडे अधिक पसरतात.

द्विध्रुवांचा परिणाम धातूवरही होतो. साधे थायॉल सोन्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा घटवतात, फ्लोरीनयुक्त थायॉल ती वाढवतात. सेंद्रिय (कार्बनी पदार्थांच्या) ट्रान्झिस्टरच्या विद्युत्-अग्रांवर पेंटाफ्लोरोबेंझीनथायॉल हे फ्लोरीनयुक्त थायॉल लावतात ते याचसाठी.

घासणे, उष्णता, ओझोन यांपुढे थायॉलचे थर फार काळ तग धरत नाहीत. शिवाय कार्बन-फ्लोरीन बंध निसर्गात सहसा तुटत नाही, म्हणून लांब साखळीच्या संयुगांवर बंधने आली आहेत: टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम कराराच्या यादीत अशा संयुगांपैकी पीएफओएस 2009 मध्ये, तर पीएफओए 2019 मध्ये घातले गेले. आखूड साखळ्या वापरल्या की रचना ढिली पडते आणि द्रव सहज आत शिरतो. सध्याच्या पर्यायांची खरी अडचण हीच आहे.