मोफत जेवणाची चूल कोण पेटवतं?

गरीब खेड्यातल्या शाळेत मोफत जेवण सुरू करायचं म्हटलं की चर्चा धान्यापासून सुरू होते. किती क्विंटल, कोण देणार, कुठून येणार. मागचा इतिहास चाळला तर धान्य बहुतेक वेळा कुठून ना कुठून आलेलं दिसतं. गाडी अडली ती सरपण, पाणी, भांडी आणि रांधणारे हात यांवर. या गोष्टी कागदावर क्वचितच आल्या, कारण त्या गावाने निमूटपणे पुरवायच्या असं गृहीतच धरलेलं असायचं.

जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची सुरुवात १८८९ सालची मानतात. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे एका बौद्ध मंदिराच्या आवारात गरीब मुलांची शाळा होती. डबा आणण्याची ऐपत नसलेल्या पोरांना तिथे भाताचे मुटके, भाजलेला खारा मासा आणि लोणचं मिळे. पैसा भिक्षूंनी दारोदार फिरून गोळा केलेला. असे दानावर चाललेले प्रयोग त्या काळात युरोपातही होते. दाता थकला की चूल विझायची, हे सगळीकडे सारखंच.

सरकार यात उतरलं ते मुलांच्या कळवळ्याने, असं म्हणायला मन धजत नाही. इंग्लंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, सैन्यभरतीला आलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण शरीराने इतके खंगलेले निघाले, की १९०४ साली त्यावर सरकारी समितीचा अहवाल आला. त्यानंतर १९०६ चा शालेय जेवणाचा कायदा झाला. त्यात स्थानिक संस्थांना जेवण देण्याची मुभा होती, सक्ती नव्हती.

ब्रॅडफर्ड शहराने ती मुभा मनावर घेतली. तिथले शाळा वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी १९०७ मध्ये ४० मुलांना काही महिने जेवू घालून त्यांची वजनं नियमित टिपली. टेबलांवर कापड अंथरलेलं, वर फुलं ठेवलेली. आठवड्याअखेर ती कापडं काळीकुट्ट होत. अन्न सांडून नव्हे, तर मुलांच्या अंगावरचे कपडेच तितके मळके असत म्हणून. वजनं चढत गेली. मधल्या सणाच्या सुट्टीत जेवण बंद होतं, तेव्हा ती घसरली आणि शाळा उघडल्यावर पुन्हा सावरली. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा कागद म्हणजे क्राउलींचा तो वजनाचा तक्ता.

अमेरिकेत कारण वेगळं, तऱ्हा तीच. १९३० च्या दशकातल्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सरकारने वरकड माल उचलून शाळांकडे वळवला आणि रोजगार योजनेतल्या बायका तो शिजवू लागल्या. १९४६ च्या कायद्याने तर उद्देशच लिहून ठेवला: राष्ट्रीय सुरक्षितता, मुलांचं आरोग्य आणि देशी शेतमालाला गिऱ्हाईक. पुढे हाच वरकड माल मदत म्हणून आशिया-आफ्रिकेतल्या शाळांत पोचला. देणाऱ्याच्या कोठारात जे उरलं ते घेणाऱ्याच्या ताटात, असा तो काळ होता. धान्य बंदरापर्यंत फुकट येई. पुढचा खडबडीत रस्ता, सरपणाची मोळी आणि पाण्याची घागर मात्र गावाच्या माथी.

फिनलंडने हा भार किमान उघडपणे लिहून तरी ठेवला. युद्ध चालू असताना, १९४३ साली, तिथे सर्व प्राथमिक शाळांत मोफत जेवणाचा कायदा झाला आणि तयारीला १९४८ पर्यंतची मुदत दिली. त्या कायद्यात मुलांनी शाळेच्या वेळेबाहेर अन्न पिकवायला आणि गोळा करायला हात लावावा अशी तरतूद होती. म्हणून रानातली फळं वेचायलाही मुलंच जात. जेवण साधं, लापशी किंवा सूप. पण गरीब कोण हे न विचारता सगळ्यांना एकच वाढप. हे वाटतं त्याहून मोठं पाऊल होतं. फक्त गरिबांना जेवण दिलं की रांगेत उभं राहणं हीच जाहिरात होते आणि ज्याला खरी भूक आहे तोच लाजून मागे सरतो.

भारतात पहिलं पाऊल शहरातच पडलं. मद्रास नगरपालिकेने १९२० साली थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खाणं देण्याचं ठरवलं, खर्च मुलामागे रोज एक आण्याच्या आत. खेड्यांपर्यंत हे गेलं ते १९५६ नंतर, मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज यांच्या काळात. रेल्वे फाटकाशी गुरं राखणाऱ्या पोराला त्यांनी ‘शाळेत का जात नाहीस?’ विचारलं, तर तो म्हणाला, ‘तुम्ही जेवायला घालाल का?’ अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. पण ती योजना सरकारी पैशाइतकीच गावकऱ्यांनी दिलेल्या धान्या-भांड्यांवर उभी होती, एवढं नक्की. १ जुलै १९८२ रोजी तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ती मोठ्या प्रमाणावर नव्याने सुरू केली, तेव्हा प्रत्येक केंद्राला व्यवस्थापक, स्वयंपाकी आणि मदतनीस अशी पगारी माणसं दिली. तमिळनाडूत जेवण टिकलं याचं मोठं श्रेय मी या नेमणुकांना देईन.

देशपातळीवर नेमकं हेच राहून गेलं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली, पण बहुतेक राज्यांनी शिजवण्याची कटकट टाळून ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाच्या हाती महिन्याला ३ किलो धान्य ठेवलं. ते घरच्या डब्यात जाई आणि सगळ्यांत वाटलं जाई. २००१ मध्ये सरकारी गोदामं भरून वाहत होती आणि राजस्थानात दुष्काळ होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला आदेश आला: शिजवलेलं अन्नच द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस.

मग प्रश्न उरला कोणाच्या हातचं, हा. स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं. त्यावर काही गावांत पालकांनी मुलांना जेवू दिलं नाही. अन्न ठेवायचं कुठे, हा प्रश्नही तसाच होता. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलामुळे २३ मुलं दगावली.

धान्य गावाजवळच विकत घ्यावं, हा विचार त्या मानाने नवा. ब्राझीलने २००९ च्या कायद्यात शालेय जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकऱ्यांकडच्या खरेदीवर खर्चायला सांगितला. लहान शेतकरी निविदेत टिकत नाही हे ओळखून या खरेदीला निविदेची अट शिथिलही केली. घानाने २००५ मध्ये स्थानिक मालावरचीच योजना काढली. तिथे सरकारचे पैसे उशिरा येत, म्हणून स्वयंपाकाचा ठेका घेतलेल्या बायका बाजारातून उधारीवर माल आणून पोरांना जेवू घालू लागल्या.

आपल्याकडे २००९ च्या डिसेंबरपासून केंद्राने स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं. काही राज्यं त्यात आपली भर घालतात. केंद्राचा हिशेब वर्षाला १० महिन्यांचा आहे. सुट्टीच्या दोन महिन्यांत चूल बंद, म्हणून मानधनही बंद.