तयार काँक्रीटची मागणी: नव्वद मिनिटांच्या नियमाची आणि साइटवर घातलेल्या पाण्याची पार्श्वभूमी

घराचा स्लॅब, दुकानाचे गाळे किंवा लहानशा गोदामाची जमीन यांसाठी आरएमसी, म्हणजे प्लँटवर कालवून गाडीने येणारे तयार काँक्रीट, मागवणारा ग्राहक बहुधा दोनच गोष्टी सांगतो: किती घनमीटर माल हवा आणि कोणत्या ग्रेडचा, म्हणजे किती ताकदीचा, हवा. गाडीबरोबर येणाऱ्या चलानावर मात्र याहून बरेच काही छापलेले असते. त्यातले दोन रकाने बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि सहसा तेच वाचले जात नाहीत. एका रकान्यात प्लँटवर सिमेंटला पहिल्यांदा पाणी लागले ती वेळ असते. दुसरा रकाना साइटवर वरून किती पाणी घातले हे लिहिण्यासाठी असतो आणि तो बहुतेक वेळा कोराच परत जातो. हे रकाने चलानावर का आले आणि त्यांच्यावरून आजही वाद का होतात, हे समजण्यासाठी सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली एका गवंड्याने घेतले. तयार काँक्रीट एका जागी कालवून दुसरीकडे नेण्याच्या कल्पनेला जर्मनीत १९०३ मध्ये पेटंट मिळाले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९१३ मध्ये असा माल प्रथम गाडीतून पोहोचवला गेला. त्या गाड्या साध्या उघड्या डंपरसारख्या होत्या. खडी तळाला बसे, पाणी वर येई, आणि वाट लांबली की मागच्या कोपऱ्यातला माल फावड्याने खरवडून काढावा लागे. चालत्या गाडीवर फिरणारा ड्रम बसवण्याची कल्पना १९१६ मध्ये पेटंटसाठी मांडली गेली, तेव्हा एवढे वजन कोणताही ट्रक पेलणार नाही या कारणाने ती नाकारली गेली. त्या काळच्या ट्रकांकडे पाहता हा आक्षेप अगदीच गैर नव्हता. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २,४०० किलो भरते, म्हणजे आजची सहा घनमीटरची गाडी १४ टनांहून जास्त माल घेऊन निघते.

पुढच्या सगळ्या वादाचे मूळ १९१८ मधल्या शिकागोतील संशोधनात आहे. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते, हे तिथल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. त्यापूर्वी सिमेंट किती घातले याकडेच सर्वांचे लक्ष असे आणि पाणी मात्र कामाच्या सोयीने पडे. या निष्कर्षानंतर पाणी मोजण्याची गरज निर्माण झाली. साइटवर पाणी थेट मोजणे अवघड असल्याने मालाचा पातळपणा मोजण्याची चाचणी रूढ झाली. अमेरिकेत १९२२ मध्ये तिला मानकाचे रूप मिळाले. तळाशी २०० आणि वर १०० मिलिमीटर व्यासाचा, ३०० मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू तीन थरांत भरायचा, प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठासायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते पट्टीने मोजायचे. हाच स्लम्प. शंभर वर्षे झाली तरी गाडीच्या मागे उभे राहून करायची याहून साधी आणि स्वस्त चाचणी निघालेली नाही. लहान कामांवर ती क्वचितच होते, याची खंत वाटते.

फिरत्या ड्रमच्या गाड्या १९२० आणि १९३०च्या दशकांत सर्रास धावू लागल्या, तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहिला. माल साइटवर कालवला जाई तेव्हा कालवणारा आणि ओतणारा एकाच मुकादमाच्या हाताखाली असे. आता कालवणारा प्लँटवर राहिला, ओतणारा साइटवर राहिला आणि मध्ये रस्ता आला. माल बिघडला तर दोष कोणाचा, हे कागदावर ठरवणे भाग पडले. म्हणून १९३०च्या दशकात अमेरिकेत तयार काँक्रीटसाठी स्वतंत्र मानक तयार झाले आणि पुढे त्यात तो प्रसिद्ध नियम रुजला: सिमेंटला पाणी लागल्यापासून दीड तासाच्या आत, किंवा ड्रमचे ३०० फेरे पूर्ण होण्याआधी, यांपैकी जे आधी घडेल त्याच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे, असा तो होता.

हे दोन आकडे वेगवेगळ्या भीतींतून आले आहेत. दीड तासाचा संबंध सिमेंट आवळू लागण्याशी, म्हणजे घट्ट होऊ लागण्याशी, आहे. तीनशे फेऱ्यांचा संबंध ड्रममध्ये खडी एकमेकींवर घासून तिची पूड होण्याशी आहे, कारण बारीक पूड वाढली की तेवढ्याच पातळपणासाठी पाणी जास्त लागते. नियम बांधला गेला तेव्हा सिमेंटचे आवळणे लांबवणारी रसायने रोजच्या वापरात नव्हती, म्हणून घड्याळ हाच एकमेव सोयीचा पहारेकरी होता. आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नव्हता, हे इतर मानकांकडे पाहिले की लगेच कळते. फिरत्या ड्रमच्या गाडीला ब्रिटिश मानकाने दोन तास दिले आणि न ढवळणाऱ्या गाडीला एकच तास. भारतीय मानकाने १९७६ मध्ये हवेच्या तापमानावर बोट ठेवले: २० अंश सेल्सिअसच्या वर दीड तास, त्याखाली दोन तास. २००३च्या सुधारित आवृत्तीत सर्वसाधारण मर्यादा दोन तासांची झाली, आणि आवळणे लांबवणारी रसायने वापरली असल्यास किंवा हवा थंड आणि दमट असल्यास त्याहून जास्त अवधीची मुभा ठेवली गेली. रसायनशास्त्र सगळीकडे एकच असूनही अंक वेगळे आहेत, कारण प्रत्येक ठिकाणी ते वाटाघाटीतून ठरले.

अमेरिकन नियमाची पुढची ओळ मात्र फारशी कोणी उद्धृत करत नाही, आणि माझ्या मते सगळ्या नियमाचा अर्थ तिच्यातच आहे. मर्यादा उलटून गेली तरी माल वरून पाणी न घालता नीट ओतता येण्याइतका मऊ असेल, तर ग्राहकाने ती मर्यादा शिथिल करावी, अशी मुभा या नियमातच दिलेली होती. म्हणजे नियमाचा रोख घड्याळावर कमी आणि पाण्यावर अधिक आहे. ऐंशीव्या मिनिटाला आलेल्या आणि पाणी मारून सैल केलेल्या गाडीपेक्षा शंभराव्या मिनिटाला आलेली, पाणी न घातलेली आणि मऊ राहिलेली गाडी केव्हाही चांगली. व्यवहारात नेमके उलटे घडते. वेळ चलानावर छापलेली असल्याने तिच्यावरून गाडी परत पाठवली जाते. पाणी मात्र नळीतून जाते आणि त्याची कुठे नोंद राहत नाही.

साइटवर पाणी घालण्याबद्दलही त्याच मानकात बारकाईने लिहिले आहे. गाडी पोहोचल्यावर स्लम्प ठरल्यापेक्षा कमी भरला, तर माल ओतायला सुरुवात होण्यापूर्वी पाणी घालता येते. पण पाणी-सिमेंटचे ठरलेले गुणोत्तर ओलांडता कामा नये आणि पाणी घातल्यानंतर ड्रम कालवण्याच्या वेगाने आणखी ३० फेरे फिरला पाहिजे. अर्धी गाडी रिकामी झाल्यावर घातलेले पाणी या चौकटीत बसत नाही, कारण आत किती माल उरला आहे हे कोणालाच नेमके सांगता येत नाही.

याचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. ढोबळ मानाने दर घनमीटरला पाच लिटर पाणी वाढले की स्लम्प सुमारे २५ मिलिमीटरने वाढतो आणि ताकद एक ते दीड मेगापास्कलने (हे ताकद मोजण्याचे एकक) उतरते. सहा घनमीटरच्या गाडीत साठ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या, गेल्या तर घनमीटरला दहा लिटर झाले. २५ मेगापास्कलच्या मालातून दोन ते तीन मेगापास्कल गेले, म्हणजे जवळजवळ एक दशांश. गाडीच्या टाकीला पातळी दाखवणारी काचेची नळी किंवा मीटर असतो. गाडी येताच आणि जाताना त्यावरचा आकडा पाहून ठेवला तर या चार बादल्या लपत नाहीत. तरीही ‘माल घट्ट आलाय, जरा पाणी मारा’ हे वाक्य लहान कामांवर सहज उच्चारले जाते. बोलणारा बहुधा फावडे हातात धरलेला मजूर असतो. घट्ट माल पसरवताना त्याचीच पाठ मोडते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. मागणी देतानाच स्लम्प कामाला शोभेल असा सांगितला गेला नाही, दोष तिथे आहे. सळयांची दाटी असलेला स्लॅब आणि उघडी जमीन यांना एकच स्लम्प पुरत नाही, आणि पंपातून चढवायच्या मालाचा हिशेब पुन्हा वेगळा असतो.

‘ग्रेड’ या शब्दाचा गुंता याच इतिहासाला जोडलेला आहे. पूर्वी काँक्रीट प्रमाणाने मागितले जाई: एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. घमेल्याने किंवा लाकडी फर्म्याने मोजलेले हे प्रमाण दिसायला पक्के होते, पण वाळू ओली झाली की फुगते आणि त्याच घमेल्यात कमी वाळू मावते, हे त्यात धरलेले नसे. प्लँटवर सगळे वजनाने मोजले जाऊ लागले आणि वाळूतला ओलावा वजा होऊ लागला. एका घनमीटरला ७०० किलो वाळू लागत असेल आणि तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर त्या वाळूतूनच ३५ लिटर पाणी आत जाते. पावसाळ्यात ही दुरुस्ती चुकली तर वर सांगितलेल्या चार बादल्यांचा हिशेब किरकोळ वाटू लागतो.

वजनी मोजणीबरोबर मागणीची भाषाही बदलली. प्रमाण सांगण्याऐवजी २८ दिवसांनंतरची ताकद सांगायची आणि ती कशी आणायची हे उत्पादकावर सोपवायचे, अशी पद्धत रुळली. मानकांनी दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या. ताकद सांगून मागवले तर मिश्रणाची जबाबदारी उत्पादकाची. सिमेंट इतके, पाणी इतके असे सांगून मागवले तर ताकदीची जबाबदारी सांगणाऱ्याची. लहान ग्राहकाची अडचण अशी, की तो नकळत दोन्ही भाषा एकत्र करतो. ‘एम-२० द्या, पण सिमेंट जरा जास्त टाका’ (एम-२० म्हणजे २८ दिवसांनंतर २० मेगापास्कल ताकदीचा माल) असे म्हणताना आपण कोणाच्या जबाबदारीत हात घातला, याची त्याला कल्पना नसते. त्यात आणखी एक भर म्हणजे ताकद मोजण्याचा नमुना. काही देशांत १५० मिलिमीटरचा घन फोडतात, काही देशांत ३०० मिलिमीटर उंचीचा दंडगोल. एकाच मालाचा दंडगोल घनाच्या सुमारे ८० टक्केच भार घेतो. युरोपीय पद्धतीत २५/३० असे जोडअंक लिहितात, त्यातला पहिला अंक दंडगोलाचा आणि दुसरा घनाचा. परदेशी नकाशावरचा २५ आणि चलानावरचा २५ एकच आहेत असे मानून केलेली मागणी म्हणूनच चुकू शकते.

मध्यंतरी तंत्र पुढे गेले होते. पाणी कमी करणारी साधी रसायने १९३०च्या दशकापासून होती, पण १९६०च्या दशकात जपान आणि जर्मनीत सुपरप्लॅस्टिसायझर आले आणि पाणी न वाढवता माल वाहता करणे शक्य झाले. ज्या कामासाठी बादल्या ओतल्या जात, तेच काम आता घनमीटरमागे काही लिटर रसायन करू लागले. त्याच सुमारास बूम पंपांमुळे, म्हणजे लांब हाताच्या पंपांमुळे, गाडी जिथे पोहोचत नाही अशा गल्लीतल्या घरावरही माल चढू लागला, आणि सिमेंट, वाळू, खडी, पाणी वेगवेगळे नेऊन जागेवरच कालवणाऱ्या गाड्याही निघाल्या. या गाड्यांच्या बाबतीत घड्याळाचा प्रश्नच उरत नाही, कारण पाणी साइटवरच लागते. दोन-तीन घनमीटरच्या कामाला त्या सोयीच्या आहेत, फक्त मोजणी गाडीवरच होत असल्याने तिची वेळोवेळी तपासणी झालेली असावी लागते.

कोळशाची राख (फ्लाय अॅश) आणि लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग) मिसळलेल्या सिमेंटांचा वापर वाढल्यापासून २८ दिवसांच्या आकड्यालाही धक्के बसू लागले आहेत, कारण अशा मालाची ताकद सावकाश चढते. काही मोठ्या कामांवर ५६ दिवसांची ताकद मान्य केली जाते. घरबांधणीत याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी जाणवतो: सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढण्याची घाई पूर्वीइतकी परवडत नाही आणि पाणी मारून क्युरिंग करण्याचे दिवस वाढवावे लागतात. तरीही मागणीच्या अर्जावर सिमेंटचा प्रकार विचारणारा रकाना अनेकदा नसतोच.

गेल्या काही वर्षांत ड्रममध्ये संवेदक बसवलेल्या गाड्या आल्या आहेत. ड्रम फिरवायला लागणाऱ्या दाबावरून त्या स्लम्पचा अंदाज घेतात, फेरे मोजतात आणि वाटेत किंवा साइटवर किती पाणी घातले ते वेळेसह नोंदवतात. कागदी चलानाची जागा घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चलानावर ही नोंद आपोआप उमटते. त्यामुळे जो रकाना कोरा जात असे तोच सर्वांत आधी भरला जातो, आणि दीड तास की दोन तास या जुन्या वादाचे वजन कमी होऊ लागले आहे. अशा गाड्या आजवर मुख्यतः मोठ्या कामांकडे वळवल्या जातात. एका घराच्या दहा घनमीटरच्या स्लॅबसाठी येणाऱ्या दोन गाड्यांवर संवेदक नसेल, तर टाकीची पातळी येताना आणि जाताना पाहून चलानावर हाताने लिहिणे आणि त्याखाली चालकाची सही घेणे, एवढेच साधन ग्राहकाच्या हाती आहे.