कॉलेज बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक बदलताना: अमेरिकी विद्यापीठांतील प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

केंटकी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. १९३० मध्ये अडॉल्फ रप आले तेव्हापासून २०२४ पर्यंत या संघाला मुख्य प्रशिक्षक लाभले फक्त सात. ९ एप्रिल २०२४ रोजी जॉन कॅलिपारी यांनी आपण जात असल्याचे सांगितले आणि १२ तारखेला मार्क पोप यांचे नाव जाहीर झाले. मधल्या काळात बेलर विद्यापीठाचे स्कॉट ड्रू यांनी नकार कळवला, कनेक्टिकटचे डॅन हर्लीही जागचे हलले नाहीत. एवढ्या मोठ्या जागेवरची नेमणूक तीन दिवसांत उरकायची, तर करार, अटी आणि तारखांचा अभ्यास जागा रिकामी होण्याआधी झालेला असावा लागतो. हे काम कोणत्या क्रमाने होते आणि कुठे अडते, ते इथे दिले आहे.

निर्णय कोणाचा, सही कोणाची

उमेदवार निवडतो क्रीडा विभागाचा प्रमुख, म्हणजे अॅथलेटिक डायरेक्टर. त्याची शिफारस विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे जाते आणि ठरावीक रकमेच्या किंवा मुदतीच्या वरचा करार बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत विश्वस्त मंडळापुढे ठेवावा लागतो. मंडळाच्या बैठका ठरलेल्या तारखांनाच होतात. म्हणून नाव जाहीर करताना ‘मंडळाच्या मंजुरीच्या अधीन राहून’ हे शब्द निवेदनात आणि प्राथमिक करारातही घालतात. देणगीदारांचा दबाव कितीही असला तरी त्यांची सही कुठेच लागत नाही. मात्र जुन्या प्रशिक्षकाला द्यायची रक्कम त्यांच्याच देणग्यांतून उभी राहणार असेल, तर ते आश्वासन लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर कोट्यवधींचा निर्णय घेऊ नये.

जागा रिकामी होण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे प्रशिक्षक स्वतः जातो: निवृत्ती किंवा दुसरी नोकरी. दुसरा, विद्यापीठ त्याला कारण न देता काढते आणि करारातील ठरलेली रक्कम, म्हणजे बायआउट, मोजते. तिसरा, गंभीर कारण दाखवून काढते आणि काहीच देत नाही. आर्थिकदृष्ट्या या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॅलिपारींचा २०१९ चा करार दहा वर्षांचा आणि सुमारे ८.६ कोटी डॉलरचा होता. २१ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ओकलंड विद्यापीठाने केंटकीला ८०–७६ असे हरवले आणि त्यांना काढा अशी ओरड सुरू झाली. काढले असते तर विद्यापीठाला सुमारे ३.३ कोटी डॉलर द्यावे लागले असते. पराभवानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच कॅलिपारी पदावर राहतील असे विभागप्रमुखांनी जाहीर केले. दोन आठवडे गेले, आणि आर्कान्सा विद्यापीठाचे प्रशिक्षक दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाला गेल्यामुळे तिथे जागा झाली. कॅलिपारी आपणहून तिकडे गेले आणि ते ३.३ कोटी द्यायची वेळच आली नाही. असा योग धरून कोणी नियोजन करू शकत नाही. पण प्रत्येक हंगामाच्या शेवटी ‘आज काढले तर किती, ३० जूननंतर किती’ असा तक्ता हाताशी हवा, कारण कित्येक करारांत ही रक्कम ठरावीक तारखेला एकदम उतरते.

तिसरा मार्ग स्वस्त दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. केव्हिन ऑली यांनी कनेक्टिकटला २०१४ चे विजेतेपद मिळवून दिले होते. अंतिम सामन्यात हरवले ते केंटकीलाच, ६०–५४. मार्च २०१८ मध्ये त्यांना नियमभंगाचे कारण देऊन काढले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा संघटना एनसीएएने त्यांच्यावर तीन वर्षांचा ‘शो-कॉज’ आदेशही (प्रशिक्षकाला घेणाऱ्या विद्यापीठालाही बांधणारे निर्बंध) काढला. एवढे पाठीशी असूनही विद्यापीठ हरले. तिथले प्रशिक्षक प्राध्यापक संघटनेच्या सामूहिक कराराखाली येतात आणि त्या करारातील ‘योग्य कारणा’ची कसोटी वैयक्तिक करारातील कलमापेक्षा कडक होती. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये १.१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायला लावली. क्रीडा संघटनेच्या लेखी जो दोष, तो कामगार कायद्याच्या कसोटीला उतरेलच असे नाही. म्हणून कारण देऊन काढायचे असेल तर करारातील नेमके कलम, लेखी सूचना, बाजू मांडायची संधी आणि पुरावा, हे चारही बडतर्फीच्या पत्राआधी विधी विभागाने तपासलेले असावेत. प्रशिक्षक एखाद्या संघटनेच्या कराराखाली येतो का, हा प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारावा.

कारण न देता काढताना आणखी एक कलम पाहायचे असते: काढलेल्या प्रशिक्षकाने दुसरी नोकरी शोधलीच पाहिजे आणि तिथला पगार बायआउटमधून वजा होईल, असे त्यात लिहिले आहे का. हे कलम असेल तर विद्यापीठाचे लाखो डॉलर वाचू शकतात.

पात्रता

मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी सरकारी परवाना किंवा परीक्षा नाही. विद्यापीठाच्या जाहिरातीत पात्रतेच्या अटी असतात आणि त्यांत बहुधा पदवी असते. ही अट किरकोळ समजून पुढे जाण्याची चूक वारंवार झाली आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाने मॅनहॅटन कॉलेजचे प्रशिक्षक स्टीव्ह मासिएलो यांना घ्यायचे ठरवले होते. बातमीही बाहेर पडली होती. मग पडताळणीत दिसले की ते केंटकीकडून खेळले होते, तिथे शिकले होते, पण त्यांची पदवी पूर्ण झालेली नव्हती. नेमणूक तिथेच थांबली आणि मॅनहॅटनमधली नोकरीही काही काळ टांगणीला लागली. उमेदवाराने दिलेल्या माहितीपत्रकावर विसंबू नये. पदवीचा दाखला विद्यापीठाच्या निबंधक कार्यालयाकडून थेट मागवावा, आणि तोही नाव फुटण्याआधी.

यश किती असावे याला मात्र आकडा नाही. पोप २०२४ मध्ये केंटकीला आले तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय स्पर्धेतला एकही सामना त्यांनी जिंकलेला नव्हता. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला त्यांनी दोनदा तिथवर नेले आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत हार झाली. पण १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे ते एक कर्णधार होते. प्रतिष्ठेच्या जागेवर घराशी असलेले हे नाते जमेला धरले जाते आणि ते योग्यच आहे: पहिला वाईट हिवाळा आला की चाहत्यांचा धीर त्याच धाग्यावर टिकतो.

एनसीएएचा इतिहास तपासणे सक्तीचे समजा. उमेदवारावर ‘शो-कॉज’ आदेश चालू असेल तर त्याला घेणाऱ्या विद्यापीठालाही ते निर्बंध पाळावे लागतात किंवा ते का लागू नयेत हे समितीपुढे पटवून द्यावे लागते. चौकशी चालू असेल तर तीही विचारावी. हाताखालच्या सहायकांनी केलेल्या भंगाची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकावरच येते.

दुसऱ्याचा करार आधी वाचा

आपल्याकडे नोकरी बदलताना जुन्या संस्थेचे ‘ना हरकत’ लागते. इथेही कित्येक करारांत दुसऱ्या विद्यापीठाशी बोलण्याआधी आपल्या विभागप्रमुखाला कळवण्याची अट असते. म्हणून पहिली चाचपणी एजंटमार्फत किंवा शोध-संस्थेमार्फत होते. सार्वजनिक विद्यापीठात आणखी एक कारण आहे: कार्यालयीन ई-मेल माहितीच्या कायद्याखाली उघड होऊ शकतात. ड्यूक, व्हिलानोव्हासारख्या खासगी विद्यापीठांना ती धास्ती नाही, पण त्याचमुळे त्यांच्या प्रशिक्षकांचे करारही बाहेरच्याला मिळत नाहीत आणि बायआउटचा आकडा एजंटकडूनच काढावा लागतो.

प्रशिक्षक मुदतीआधी गेला तर जुन्या विद्यापीठाला भरपाई द्यावी लागते. बायआउट असा दोन्ही दिशांनी चालतो. यूसीएलएने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) ३१ डिसेंबर २०१८ रोजी स्टीव्ह अल्फर्ड यांना काढले. नवा माणूस शोधायला हाताशी भरपूर वेळ होता. तरी टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचे जेमी डिक्सन हातचे गेले, कारण त्यांना सोडवायला ८० लाख डॉलर लागणार होते. टेनेसीचे रिक बार्न्स यांच्याशी बोलणी बरीच पुढे गेली आणि तीही भरपाईच्याच रकमेपाशी थांबली. शेवटी ९ एप्रिल २०१९ रोजी मिक क्रोनिन आले. शंभरेक दिवस गेले, त्याला कारण असे की आकडा आधी विचारायचा तो शेवटी विचारला गेला. ही भरपाई कोण भरणार, किती हप्त्यांत, आणि ती प्रशिक्षकाच्या वतीने भरली तर त्यावरचा कर कोणाच्या माथी, हे तिन्ही मुद्दे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावेत.

संघातल्याच सहायकाला बढती दिली तर ही सगळी कटकट वाचते. नॉर्थ कॅरोलायनात रॉय विल्यम्स १ एप्रिल २०२१ रोजी निवृत्त झाले आणि ५ तारखेला ह्युबर्ट डेव्हिस नेमले गेले. ड्यूकने तर वारसदार जॉन शायर यांचे नाव वर्षभर आधीच सांगून ठेवले.

कागदपत्रे

उमेदवाराकडून लागते ते असे: चालू करार आणि त्याच्या सर्व दुरुस्त्या, पदवीचा थेट मागवलेला दाखला, पार्श्वभूमी तपासणीस लेखी संमती, एनसीएएच्या जुन्या प्रकरणांची माहिती आणि बाहेरच्या उत्पन्नाचा तपशील (बूट कंपन्या, शिबिरे, भाषणे). रुजू झाल्यावर कामाच्या परवानगीचा आय-नाइन फॉर्म तीन कामकाजाच्या दिवसांत पुरा करावा लागतो. कोट्यधीश प्रशिक्षकालाही तो चुकत नाही.

विद्यापीठाकडून: जागेची जाहिरात किंवा जाहिरातीतून सूट मिळाल्याचा मनुष्यबळ विभागाचा कागद, अटींचे पत्रक किंवा सामंजस्य करार आणि नंतर संपूर्ण करारनामा. या शेवटच्या दोहोंमधले अंतर धोक्याचे आहे. घाईत नाव जाहीर करायचे म्हणून पाच-सात पानी सामंजस्य करारावर सही होते आणि ‘सविस्तर करार लवकरच’ असे ठरते. केंटकीने २००७ मध्ये बिली गिलिस्पी यांना असेच घेतले. दोन हंगाम उलटले तरी पूर्ण करारावर त्यांची सही झाली नाही. मार्च २००९ मध्ये त्यांना काढल्यावर प्रश्न उभा राहिला, की त्या सामंजस्य करारातली काढण्याबद्दलची रक्कम बंधनकारक आहे की नाही. गिलिस्पींनी ६० लाख डॉलरचा दावा लावला आणि त्याच वर्षी सुमारे ३० लाखांवर तडजोड झाली. सामंजस्य करारातच लिहावे: पूर्ण करार अमुक तारखेपर्यंत झाला नाही तर हाच अंतिम करार समजावा, आणि काढल्यास किंवा सोडल्यास देय रक्कम ही. एवढी दोन वाक्ये पुरतात.

पूर्ण करारात एनसीएएच्या नियमांमुळे काही कलमे सक्तीची आहेत. चौकशीत सहकार्य करण्याचे बंधन आणि गंभीर भंग झाल्यास निलंबन किंवा बडतर्फी होऊ शकते ही अट त्यांत येते. बाकीच्यात घासाघीस होते: सहायकांच्या पगाराची एकूण तरतूद, विमानप्रवास, सराव केंद्र. आणि २०२५ पासून सर्वांत मोठा प्रश्न खेळाडूंना थेट पैसे देण्याचा. त्या वर्षीच्या न्यायालयीन तडजोडीनुसार पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत खेळाडूंना देता येतात. त्यातले बास्केटबॉलच्या वाट्याला किती, हे जाणता उमेदवार स्वतःच्या पगाराआधी विचारतो आणि लेखी मागतो. अमेरिकी फुटबॉलला झुकते माप असलेल्या विद्यापीठात हा आकडा गुलदस्त्यात ठेवला, तर चांगला माणूस बोलणी मोडून उठतो.

जाहीर झाल्यानंतरचे दिवस

प्रशिक्षक गेला की खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव घालायला खास मुदत मिळते. २०२४ मध्ये ती ३० दिवसांची होती. नंतर नियम बदलले, म्हणून त्या-त्या वर्षीची मुदत नियमपालन कार्यालयाकडून तारखेसह लिहून घ्यावी. परिणाम किती तीव्र असतो ते केंटकीत दिसले: पोप आले तेव्हा आदल्या हंगामातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू त्यांच्यासोबत पुढच्या हंगामात उतरला नाही. त्यांनी पोर्टलमधून अनुभवी खेळाडू आणून संघ पहिल्यापासून बांधला आणि त्याच संघाने २०२५ च्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत मजल मारली. नव्याने येऊ घातलेल्या मुलांना, विशेषतः राज्यातल्या मुलांना, पहिल्याच दिवशी फोन व्हायला हवा. घरी बसलेली ती अठरा वर्षांची मुले आणि त्यांचे आईवडील टीव्हीवरच्या बातमीतून आपले भवितव्य शोधत असतात. एखाद्या साध्या, स्पष्ट फोनने त्यांचा जीव भांड्यात पडतो.

एक अडचण मात्र हमखास विसरली जाते. विद्यापीठाबाहेर जाऊन खेळाडूंची भरती करायची असेल तर प्रशिक्षकाला एनसीएएची वार्षिक नियम-परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. एनबीएतून किंवा कॉलेजबाहेरून आलेल्या माणसाजवळ ते प्रमाणपत्र नसते, आणि नव्या सहायकांपैकी कोणाजवळ नसेल तर तोही कॅम्पसबाहेर जाऊ शकत नाही. पत्रकार परिषद दुपारी असेल तर ही परीक्षा सकाळी ठेवावी.